धाकटा भाऊ ठरवलेले शहर

संपादक महोदय,

मॅरियन बॅरी यांचे नाव आपल्याकडे निघते ते बहुधा एका चित्रफितीपुरते. 18 जानेवारी 1990 रोजी अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनच्या एका हॉटेलच्या खोलीत, एफबीआयने लपवून ठेवलेल्या कॅमेऱ्यासमोर, शहराचे विद्यमान महापौर क्रॅक कोकेन ओढताना पकडले गेले. हे खरे आहे आणि ते झाकण्याचे काही कारण नाही. परंतु सहा महिन्यांची शिक्षा भोगून आलेल्या या माणसाला त्याच शहराने 1992 मध्ये नगरसेवक आणि 1994 मध्ये पुन्हा महापौर का केले, हे त्या चित्रफितीवरून कळत नाही. मतदार भाबडे होते, हे उत्तर मला मान्य नाही.

त्यासाठी 1958 पर्यंत मागे जावे लागते. मिसिसिपीत अर्धेलीने शेती करणाऱ्या कुटुंबात 1936 साली जन्मलेले बॅरी तेव्हा मेम्फिसच्या लमॉइन महाविद्यालयात शिकत होते. कृष्णवर्णीयांना प्रौढ न समजता धाकट्या भावासारखे वागवावे, अशा आशयाचे विधान महाविद्यालयाच्या एका गोऱ्या विश्वस्ताने केले. बॅरी यांनी त्याविरुद्ध लिहिलेले पत्र वृत्तपत्रांपर्यंत पोहोचले आणि त्यांच्यावर महाविद्यालयातून काढले जाण्याची वेळ आली. 1960 मध्ये नॅशव्हिलच्या, फक्त गोऱ्यांना बसू देणाऱ्या लंच काउंटरवर दिलेला ठिय्या, त्याच वर्षी स्टुडंट नॉनव्हायलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या विद्यार्थी संघटनेचे मिळालेले पहिले अध्यक्षपद आणि पुढे रसायनशास्त्रातील अर्धवट सोडलेली पीएचडी, या सगळ्यामागे मला तीच चीड दिसते.

1965 मध्ये ते वॉशिंग्टनला आले, तेव्हा त्या कृष्णवर्णीयबहुल शहराला स्वतःचा महापौर निवडण्याचा हक्क नव्हता. कारभार काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, हातात होता. इथे संपूर्ण शहरच धाकटा भाऊ ठरवले गेले होते. जानेवारी 1966 मध्ये बॅरी यांनी बसभाडेवाढीविरुद्ध बहिष्कार उभा केला आणि पाठोपाठ शहराच्या स्वशासनासाठी ‘फ्री डीसी’ चळवळ (डीसी म्हणजे वॉशिंग्टन शहर). स्वशासनाचा कायदा 1973 मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी ते नगर परिषदेवर निवडून आले. मार्च 1977 मध्ये बंदूकधाऱ्यांनी परिषदेच्या इमारतीत शिरून लोकांना ओलीस धरले, तेव्हा बॅरी यांना लागलेला छर्रा हृदयाच्या अगदी जवळ रुतला. त्याच हल्ल्यात एक तरुण रेडिओ पत्रकार ठार झाला. पुढच्या वर्षी बॅरी महापौरपदाची निवडणूक जिंकले.

उन्हाळी सुट्टीत शहरातील मुलांना पगारी काम देणारी त्यांची योजना 1979 पासून सुरू झाली. घरात कुणाचीही ओळखपाळख नसलेल्या पोराच्या हातात स्वतःच्या नावाचा पहिला पगाराचा चेक पडतो, ही गोष्ट तो आयुष्यभर विसरत नाही. आपले पहिले काम बॅरींनी दिले, असे सांगणारी माणसे आजही त्या शहरात भेटतात. नगर प्रशासनाच्या नोकऱ्या आणि कंत्राटे कृष्णवर्णीयांना प्रथमच मोठ्या प्रमाणावर मिळाली, तीही त्यांच्याच काळात. लोकांनी मते दिली ती या हिशेबाने.

माझी तक्रार हॉटेलच्या त्या खोलीपेक्षा मोठी आहे. चळवळीतील जुने सहकारी असलेले त्यांचे उपमहापौर पैशांच्या अपहारासाठी तुरुंगात गेले. क्रॅकपायी गरीब वस्त्यांतील मुले रोज मरत असताना, त्या मुलांना काम देणारा माणूसच तो पदार्थ ओढत होता, हे मला आजही क्षम्य वाटत नाही. शहराची तिजोरी रिकामी झाली. त्याचा दोष एकट्या बॅरींचा नव्हता, कारण राज्यांनी उचलायचे कित्येक खर्च या शहराच्या माथी होते आणि बाहेरून रोज कामाला येणाऱ्यांच्या उत्पन्नावर कर लावायला त्याला मनाई होती. तरीही 1995 मध्ये काँग्रेसने वित्तीय नियंत्रण मंडळ बसवले, तेव्हा बॅरी यांचा कारभार हे आयते निमित्त ठरले. 1997 मध्ये तर मोठी खाती काढून घेऊन महापौरांच्या हाती उद्याने, ग्रंथालये आणि पर्यटन मंडळ एवढेच ठेवण्यात आले. ज्यांनी या शहराला सज्ञान म्हणवून घेण्यासाठी उमेद खर्ची घातली, त्यांच्याच कारकिर्दीत ते पुन्हा पालकांच्या ताब्यात गेले.

बॅरी 2014 मध्ये वारले, तेव्हाही ते वॉर्ड 8 चे नगरसेवक होते. 1977 मध्ये त्यांना जिथे गोळी लागली, त्याच इमारतीबाहेर 2018 पासून त्यांचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. आपल्या वृत्तपत्राने त्यांच्याविषयी पुन्हा कधी छापले, तर 1990 सोबत 1966 आणि 1997 ही वर्षेही यावीत, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक