सुशी म्हणजे आधी भात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महानगरांतल्या खाण्यापिण्यावर आलेल्या लेखात सुशीची ओळख ‘जपानी कच्चा मासा’ अशी एका ओळीत उरकली आहे. आमच्या गावच्या पारावर तो अंक हातोहात फिरला आणि ‘शहरातल्या लोकायले आता मासोळी शिजवाचाई कंटाळा येऊन राह्यला’ असा शेराही त्यावर पडला. मी भंडारा जिल्ह्यातला धान पिकवणारा माणूस आहे. गेल्या डिसेंबरात धानाचे चुरणे (मळणी) आटोपल्यावर मुंबईला लेकीकडे गेलो असताना हा पदार्थ घरच्यांबरोबर आणि मित्राबरोबर पोटभर खाऊन आलो, म्हणून अधिकाराने नाही तरी अनुभवाने सांगतो की सुशी हा आधी भाताचा पदार्थ आहे. मासा त्यात असेल किंवा नसेलही. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना जपानी लोक साशिमी म्हणतात. सुशी म्हणायची तर तांदळाचे व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात लागतोच, आणि काकडी, शिजवलेली कोळंबी किंवा अंड्याचे गोडसर धिरडे घेऊनही ती होते.

आम्ही नऊ जण होतो: आम्ही दोघे नवरा-बायको, लेक, जावई, सात वर्षांचा नातू, व्याही, विहीणबाई आणि ठाण्यात स्थायिक झालेला माझा शाळासोबती व त्याची पत्नी. खानावळीत मधोमध सरकता पट्टा होता आणि त्यावरून रंगीत ताटल्या बैलगाड्यांच्या रांगेसारख्या संथ चालल्या होत्या. ही सोय १९५८ साली ओसाका भागातल्या योशिआकी शिराईशी नावाच्या गृहस्थाने काढली, आणि ती त्याला बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहून सुचली, असे जावयाने सांगितले. नातवाला इतिहासाशी कर्तव्य नव्हते. आपली ताटली कोणत्या वळणावर पोहोचली याची तो मोठ्याने दवंडी देत होता. काळ्या पापुद्र्यात गुंडाळून कापलेले गोल तुकडे समोर आले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी चष्मा सारखा करून पाहिले आणि म्हणाल्या, “हे त धोप्याच्या वडीवानी दिसून राह्यलं.” पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी खुलासा करतो की आमच्याकडे अळूला धोपा म्हणतात.

तो काळा पापुद्रा म्हणजे नोरी, समुद्री शेवाळ कागदासारखे पसरून वाळवलेले. हे शेवाळ वर्षातला काही काळ कुठे दडते हे पूर्वी कोणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे त्याचे पीक नशिबावर अवलंबून असे. कॅथलीन ड्रू या ब्रिटिश संशोधक बाईंनी १९४९ मध्ये दाखवून दिले की तेवढा काळ ते शिंपल्यांच्या कवचात सूक्ष्म रूपाने वाढत असते. त्यानंतर जपानी शेतकरी टाक्यांत शिंपल्यांवर त्याची जोपासना करू लागले आणि तयार झालेले बीज जाळ्यांवर धरवून जाळी समुद्रात लावू लागले. आधी पऱ्हे (धानाची रोपे) टाकायचे आणि मग बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, त्यांची रोवणी करायची हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत, त्यामुळे हा भाग मला खाण्याहूनही अधिक चविष्ट वाटला, हे कबूल करतो.

पट्ट्याच्या आतल्या बाजूला उभा असलेला कारागीर मणिपूरचा होता. गर्दी कमी असल्याने तो आमच्याशी बोलला आणि त्याने आपली रीत सांगितली. लाकडी घमेल्यात भात पसरून त्यावर व्हिनेगर शिंपडायचे, तो न चेंगरता उलथण्याने कापत कापत हलवायचा आणि पंख्याने वारा घालायचा. मग भात अंगाच्या उबेइतका कोमट राहिला की ओल्या बोटांनी बोटभर लांबीचा गोळा वळून त्यावर माशाचा काप ठेवायचा. त्याने एक गोळा आमच्यासमोर वळला तेव्हा तीन-चार दाबांतच तो तयार झाला, आणि तरीही तो इतका हलका होता की तोंडात गेल्यावर दाणे आपोआप सुटे झाले. त्याचा सल्ला असा की हा गोळा सोया सॉसमध्ये बुडवताना माशाची बाजू खाली करावी, कारण भात रस पितो आणि फुटतो. हाताने खाल्ले तरी चालते असेही त्याने सांगितले, त्यासरशी आमच्या टेबलावरच्या जेवायच्या काड्या बाजूला झाल्या आणि जेवण खरे सुरू झाले.

आज दिसतो तो हा हाताने वळलेला प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो, म्हणजे आताच्या टोकियोत, रूढ झाला. त्याच्या कितीतरी आधीची सुशी वेगळीच होती. मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवत आणि मासा खाऊन भात बहुधा फेकून देत. जपानमधल्या बिवा सरोवराकाठी अजूनही त्या पद्धतीची फुनाझुशी करतात, आणि तिला लागणारा मासा आपल्या रोहू-कतल्याच्या गोतातलाच आहे. धान आणि गोड्या पाण्यातली मासोळी ही जोडी आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या, म्हणजे जुन्या सिंचन तलावांच्या, मुलुखाला नवी नाही. मात्र तळ्याकाठच्या त्या लोकांनीही मासा ताजा कच्चा न खाता मिठात व भातात मुरवला, याकडे उत्साही मंडळींनी लक्ष द्यावे. गोड्या पाण्यातल्या माशांत जंत असण्याचा धोका असतो, आणि सुशीसाठीचे समुद्री मासेही पुष्कळदा कडक थंडीत काही दिवस गोठवून ठेवलेले असतात. तेव्हा बोडीतला, म्हणजे शेताजवळच्या छोट्या तळ्यातला, रोहू कापून भातावर ठेवण्याचा प्रयोग कृपा करून कोणी करू नये.

आता ज्या कारणासाठी मुख्यतः हे पत्र लिहिले त्याकडे येतो. माझ्या मित्राची पत्नी माळकरी आहे. तिने पट्ट्यावरून काकडीचा म्हणून जो तुकडा उचलला त्याच्यावर नारिंगी रंगाचे बारीक दाणे लावलेले होते. तिला ते रंगवलेल्या खसखशीसारखे वाटले आणि ती एक तुकडा खाऊन बसली. दाणे दातांखाली फुटले तेव्हा तिने विचारले, आणि ती माशाची अंडी असल्याचे कळले. ताटलीपुढच्या चिठ्ठीवर ते इंग्रजीत आणि जपानी नावाने लिहिलेले होते, म्हणजे लिहिले नव्हते असे नाही. ती बिचारी रागावली नाही, पण त्यानंतर पाण्याशिवाय काही तोंडात घातले नाही आणि तिच्यामुळे आमचाही घास अडला. पुढे कळले की सोबत येणारे मिसो सूप दिसायला सोयाबीनचे असले तरी त्याचे पाणी बहुधा सुकवलेल्या माशाच्या किसात उकळलेले असते. हे तर पाहून ओळखणे कोणालाच शक्य नाही. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत हवी असा कायदा आहे आणि बिस्किटाच्या पुड्यावरही हिरवा ठिपका असतो. मग चिठ्ठीवर शाकाहारी, अंड्याचे, शिजवलेला मासा किंवा कच्चा मासा एवढे चार प्रकार देवनागरीत लिहायला किती शाई लागेल? गर्भवती बाईला किंवा कोळंबीचे वावडे असलेल्या माणसालाही त्याचा उपयोग होईल. त्या खानावळीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण बहुतेक ठिकाणी हीच तऱ्हा आहे असे लेक सांगते.

बिल साडेआठ हजारांच्या घरात गेले. हिशेब मांडू नये असे ठरवले होते, तरी २०२५-२६ च्या हंगामातल्या २,३६९ रुपये क्विंटल हमीभावाने तो साडेतीन क्विंटलांहून अधिक धान होतो हे मनातल्या मनात निघालेच. जावयाने पैसे दिले आणि व्याह्यांनी विषय बदलला.

गावी परतल्यावर सौभाग्यवतींनी लेकीने दिलेली सुशी गुंडाळायची बांबूची चटई काढून घरच्या एचएमटी तांदळाचा प्रयोग केला. हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने आपल्याच बांधीतल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून तयार केला आणि त्या काळच्या गाजलेल्या घड्याळाचे नाव त्याला मिळाले. त्याचा दाणा बारीक आणि भात मोकळा होतो, हीच त्याची ख्याती. सुशीला मात्र जाड, आखूड आणि चिकट दाण्याचा तांदूळ लागतो. साहजिकच चटई उलगडताच काकडी एकीकडे आणि भात दुसरीकडे झाला. तो आम्ही ताटात गोळा करून जवसाच्या चटणीबरोबर खाल्ला. पुढच्या खेपेला धोप्याचे पान घेऊन पाहणार असल्याचे घरातून कळवण्यात आले आहे.

आपला,
एक धान उत्पादक वाचक
ता. लाखांदूर, जि. भंडारा