पूर पसरू दिला तरच मासा वाढतो

महोदय,

गाळ उपसून पात्र खोल करायचे आणि काठ बांधून काढायचे, की नदी सुधारली, ही समजूत माशांच्या मुळावर येते. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यातली 90 टक्क्यांहून अधिक पूरमैदाने तटबंधांमुळे नदीपासून तुटली. चिनूक सालमन या माशाच्या पिल्लांना उरले ते वेगवान आणि अन्न कमी असलेले पात्र.

तिथे आता भातखाचरेच कामी येत आहेत. योलो बायपास हा सुमारे 59 हजार एकरांचा पूरपट्टा आहे. नदी फुगली की फ्रेमाँट विअर या काठावरच्या बुटक्या बांधावरून पाणी त्यात शिरते, उन्हाळ्यात तिथेच भात पिकतो. 2012 पासून कापणी झालेल्या खाचरांत हिवाळ्यात फूट-दीड फूट पाणी धरून पिल्ले सोडण्याचे प्रयोग झाले. धसकटे कुजतात, त्यांवर जिवाणू वाढतात, जिवाणूंवर पाणपिसवा. ग्लासभर पाणी उजेडात धरले तर हे मोहरीएवढे जीव झटके देत पोहताना दिसतात. त्यांच्यावर पिल्लू दिवसाला जवळपास 1 मिलिमीटर वाढते, पाच सेंटिमीटरचे सहा आठवड्यांत आठ-नऊ होते. मात्र पाणी काही आठवडे संथ हवे. दोन दिवसांत निचरा झाला तर पाणपिसवांची पैदास होण्याआधीच सारे वाहून जाते.

घात होतो तो पाणी सोडताना. खाचरात खळगे राहिले किंवा तोंड एकदम उघडले, तर पिल्ले डबक्यात अडकतात आणि बगळ्यांचे फावते. म्हणून जमिनीला चराकडे उतार द्यावा, तोंडावरच्या फळ्या एकेक करून काढाव्यात. अंडी घालायला समुद्रातून परतणारे मोठे मासेही बायपासच्या पाण्यामागे वर येऊन विअरखाली अडकत. त्यासाठी विअरला खोल खाच पाडून दरवाजे बसवले. आता नदी कमी चढलेली असतानाही पाणी आत येते आणि माशांना वाट मिळते.

कोकणातले चढणीचे मासे पहिल्या पावसात व्हाळांतून, म्हणजे ओढ्यांतून, भातखाचरांत अंडी घालायला चढतात. सालमनची पिल्ले खाऊन-पिऊन समुद्राकडे उतरतात, आपले मासे वर चढतात, पण दोघांनाही नदी आणि शेत जोडलेले लागते. नदी खोल केली की व्हाळाच्या तोंडाशी उभी पायरी तयार होते आणि मासा तिथेच थांबतो. उपसलेला गाळ काठावर रचला की त्याचाच तटबंध होतो. तेव्हा खोलीकरणाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात दोन कलमे हवीत: व्हाळाच्या तोंडाजवळ खोदाई करू नये, करावीच लागली तर दगड रचून तिथे सौम्य उतार द्यावा; आणि गाळ पूररेषेच्या बाहेर नेऊन टाकावा. ही कामे मिरगाआधी पुरी व्हायला हवीत.

– एक वाचक, दापोली