ते चार दिवस

प्रिय सुन्या,

पाच महिने पत्र नाही, तुझे फोनही उचलले नाहीत. रागावला असशील तर रास्त आहे. माझी तब्येत बरी, आईचं बीपी गोळीवर आहे.

दादाचं तुला गावाकडून कळलं असेलच. ब्लड कॅन्सर, एएमएल. केमोनं आजार आटोक्यात आला, पण उलटू नये म्हणून दुसऱ्याच्या स्टेम सेल्स, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, द्यायचं ठरलं. सख्ख्या भावंडाचं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. ताईचं जुळलं नाही, माझं जुळलं. आणि सुन्या, हे वहिनीलाही ठाऊक नाही: तसा फोन आल्यावर मी चार दिवस उत्तर दिलं नाही. का, ते तुला सांगायला नको. विहिरीच्या वाटणीच्या दिवशी तू ओट्यावर होतास.

पाचव्या दिवशी खारघरचं हॉस्पिटल गाठलं. माझ्या वाट्याचं काम सोपं होतं. रोज इंजेक्शन, त्यानं कंबर ठणकायची. मग साडेचार तास मशीनवर. एका हातातून रक्त बाहेर, पेशी वेगळ्या, उरलेलं दुसऱ्या हातातून परत आत. ओठांना मुंग्या आल्या तर सिस्टरनं कॅल्शियम दिलं. पिशवी बघून दादा म्हणाला, "लहानपणी माझ्या वाट्याची साय खायचास, ती वसूल झाली!"

त्याचे हाल मात्र बघवत नव्हते. त्याची स्वतःची हाडांतली मज्जा औषधांनी आधीच मोडून काढलेली. पांढऱ्या पेशी शंभरापर्यंत खाली आल्या, तोंडभर फोड, थुंकी गिळवेना. पेशी दिल्यापासून सोळाव्या दिवशी काउंट चढला तेव्हा वहिनी कॉरिडॉरमध्ये भिंतीला धरून रडली. त्याचा रक्तगट बी, आता हळूहळू माझा ओ होणार.

आणि चौतिसाव्या दिवशी त्याचे तळवे, कान लालभडक झाले. मग जुलाब. जीव्हीएचडी म्हणतात. माझ्या पेशींना त्याचं शरीर परकं वाटतं, म्हणून त्या त्याच्यावर उठल्यात. माझ्या पेशी, सुन्या! मी डॉक्टरबाईंना एकट्यानं गाठून विचारलं, देणाऱ्याच्या मनात काही असेल तर असं होतं का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, एचएलए जुळलं तरी बारीक फरक उरतातच, पेशींना भांडणं कळत नाहीत. आणि याच पेशी उरलेला कॅन्सरही शोधून मारतात. स्टेरॉइडनं लाली उतरतेय. डोक्याला सगळं पटतं. रात्री पटत नाही.

त्यात दादा भेटेल त्याला सांगतो, "पहिल्या हाकेला धावला माझा भाऊ." परवा तुझ्या मावशीलाही फोनवर तेच. मी उठून बाहेर गेलो.

ते चार दिवस त्याला सांगू का? तो पेशी दिल्यानंतरचे धोक्याचे शंभर दिवस पुरे करेपर्यंत गप्प बसू? की कायमचाच?

चिमीच्या बारावीचं काय झालं? घराचा स्लॅब पडला का? पडवी पूर्वेलाच ठेव, वाद घालू नकोस.

उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. खोलीवर आलेलं टपाल दादा वेळ घालवायला आधी वाचतो.

तुझा,
विनू