विमा आहे, पण हप्त्याचे काय?

महोदय,
अमेरिकेच्या २०१०च्या 'ओबामाकेअर' या आरोग्यविमा कायद्याने जुन्या आजाराचे कारण सांगून विमा नाकारायला बंदी घातली, हे मोठेच काम. परवडण्याचे गणित मात्र अर्धवट राहिले. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या चौपटीवर एक डॉलर गेले की हप्त्यावरचे अनुदान साफ बंद! २०२१मध्ये ही अट शिथिल झाली, तीही २०२५अखेरपर्यंतच. (तिकडे आयटीत असलेल्या आपल्या मुलांना कंपनीचा विमा असतो, म्हणून ही झळ इथे फारशी कळत नाही.) टेक्सास, फ्लोरिडा या राज्यांनी तर मेडिकेडची, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याची, व्याप्ती वाढवलीच नाही. तिथला मूलबाळ नसलेला धडधाकट मजूर दारिद्र्यरेषेखाली असेल तर त्याला सहसा ना मेडिकेड, ना अनुदान. त्याच्याहून थोडे जास्त कमावणाऱ्याला मात्र मदत मिळते. असा उफराटा नियम सुधारणेच्या नावाखाली चालतो, याचेच आश्चर्य वाटते.
– एक वाचक, ठाणे