काका, बोट पाण्यात उतरली, आता तरी थँक्यू ऐकून घ्या

प्रिय काका,

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, तो पाना दे इकडे" म्हणून विषय बदलता, म्हणून आता लिहूनच काढतेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण जुनी कॅटामरान, म्हणजे दोन लांबट पोकळ सांगाडे जोडून केलेली शिडाची बोट, घ्यायचं मनात असलेल्या कुणाला तरी यातलं काहीतरी नक्की कामाला येईल.

बोट बघायला निघाले तेव्हा मला शिडाच्या बोटीतलं काहीच येत नव्हतं, नुसती हौस होती. आपली धड ओळखही नव्हती तरी तुम्ही स्वतःचं काम सोडून सोबत आलात. पहिली बोट कसली चकचकीत होती, नवा रंग, पांढरीशुभ्र शिडं, मालकही गोड बोलणारा. तुम्ही रंगाकडे बघितलंच नाहीत, सरळ गुडघ्यावर बसलात आणि पुढच्या आडव्या बीमच्या आसपासच्या डेकवर अंगठ्याने दाबत दाबत सरकत गेलात. एका ठिकाणी डेक जरासा आत गेला. मग माझा अंगठा तिथे ठेवायला लावलात, खिशातून नाणं काढून ठोकून दाखवलंत, चांगल्या जागी टणटणीत आवाज आणि तिथे एकदम बद्द. हलच्या, म्हणजे त्या पोकळ सांगाड्याच्या, भिंतीत फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि मधे फोम असतो, थर फोमपासून सुटले की बाहेरून काही कळत नाही पण ताकद गेलेली असते, हे मला तिथे जमिनीवर बसून समजलं. छोटासा भाग असता तर बारीक भोकं पाडून पातळ इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा गोंद, आत सोडता आलं असतं, पण ही जागा हातभर होती. तुम्ही मालकाला नमस्कार केलात, त्याच्या बोटीला एक वाईट शब्द न बोलता, आणि आपण निघालो. हे मला फार आवडलं होतं, तेव्हा सांगायचं राहिलं.

आणि मग ही आपली होबी १६. रंग उडालेला, दोन हलमधलं बसायचं ताणलेलं कापड, म्हणजे ट्रँपोलिन, उसवलेलं, दोऱ्या उन्हाने कडक झालेल्या, पण दोन्ही हल ठोकून बघितले तर टोकापासून टोकापर्यंत टणटणीत. तुम्ही म्हणालात हीच घे. होबी आल्टरचं हे डिझाइन १९७० च्या आसपासचं, जगभर लाखाच्या वर बोटी झाल्यात, म्हणून जुनीला सुद्धा पार्ट मिळतात, आणि खाली पाण्यात सोडायची फळी, म्हणजे डॅगरबोर्ड, नाही, त्यामुळे शिकताना सरळ वाळूवर चढवता येते. नवशिक्या माणसाला या दोन गोष्टी रंगापेक्षा किती मोठ्या आहेत ते मला आता रोज कळतं.

दुरुस्तीत तुम्ही मला एकच शिस्त लावलीत, आधी जे मोडलं तर माणूस अडचणीत येतो ते, मग जे गळतं ते, आणि दिसण्याचं सगळ्यात शेवटी. मला तर रंगाची घाई होती! पण तुम्ही कापसाचा बोळा माझ्या हातात दिलात आणि मास्टला, म्हणजे डोलकाठीला, धरून ठेवणाऱ्या तारांवरून फिरवायला सांगितलंत. एकोणीस बारीक तारा वळून केलेली ती स्टेनलेस स्टीलची वायर डोळ्यांना ठणठणीत दिसत होती, पण खालच्या टोकाला जिथे ती फिटिंगमध्ये जाते तिथे कापूस अडकला, नीट बघितलं तर एक तार तुटून वर आलेली. एक तुटली म्हणजे बाकीच्यांचंही वय झालंय, सगळ्याच बदल, म्हणालात. बदलल्या. यात काटकसर करू नका असं मी पण आता प्रत्येकाला सांगते, कारण त्या तारेवर अख्खी मास्ट उभी असते आणि मास्टखाली आपण बसलेलो असतो.

गळती शोधायची ती दुपार तर मी कधीच विसरणार नाही. डेकच्या जोडावर साबणाचं पाणी फासायचं आणि मागच्या प्लगच्या भोकातून तोंडाने फुंकायचं, कॉम्प्रेसर अजिबात लावायचा नाही, दाबाने जोडच उघडतो. मी गाल दुखेपर्यंत फुंकतेय आणि तुम्ही जमिनीला गाल लावून जोड बघताय, आणि मग सुकाणूच्या ब्रॅकेटच्या स्क्रूपाशी बारीक बारीक बुडबुड्यांची रांग आली, तेव्हा तुम्ही असे ओरडलात की बाजूच्या बोटीवरची माणसं धावत आली. हवा फुगली तर बाहेर पडायला मुद्दाम ठेवलेलं बारीक भोक मात्र बुजवायचं नाही हेही तेव्हाच दाखवलंत. इपॉक्सी वाळल्यावर वर जो चिकट थर येतो तो आधी पाण्याने धुवायचा मगच पॉलिशपेपर मारायचा, अॅल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू घालताना लॅनोलिन (लोकरीतून निघणारं ग्रीस) लावायचं नाहीतर दोन्ही धातू एकमेकांना खातात, सुकाणूचं पान खाली पूर्ण लॉक झालं नाही तर टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, हाताला जड लागतो, अशी शंभर बारीकसारीक कामं तुम्ही शिकवलीत आणि एकही स्वतः करून दिलं नाहीत. हत्यार कायम माझ्याच हातात. आज समुद्रात काही सैल वाटलं तर तो नट कुठला ते मला न बघता सांगता येतं, आणि हे फक्त त्यामुळे.

मास्ट उभी करायच्या आधी मान वर करून विजेच्या तारा बघायच्या, हे तर तुम्ही मला दरवेळी मोठ्याने म्हणायला लावलंत. अॅल्युमिनियमची ती लांब काठी तारेला लागून माणसं गेलीत, म्हणूनच पुढे मास्टचा वरचा तुकडा फायबरग्लासचा करायला लागले. मी अजूनही मोठ्याने म्हणते.

पाण्यातलं शिकवणं तर वेगळंच. कॅटामरान हलकी, वाऱ्यात तोंड फिरवताना वेग गेला की जागेवर अडकते, तेव्हा जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड, लगेच सोडायची नाही, उलटी भरू द्यायची, तीच नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, ओढून पलीकडे नेते, आणि बोट मागे सरकायला लागली तर सुकाणू उलटं चालतं. तुम्ही हे घाबरवून नाही सांगितलंत, शांतपणे मुद्दाम अडकवून दाखवलंत आणि मग बाहेर काढायला लावलंत. उलटायची प्रॅक्टिस पण तशीच, कमी वाऱ्यात, शिडाच्या दोऱ्या क्लीटमधून, म्हणजे त्या अडकवून ठेवायच्या खाचेतून, सोडा, नाळ वाऱ्याकडे वळवा, वरच्या हलवरून आलेला दोर धरून मागे झुका. आणि एकटीच्या वजनाने ही बोट सहसा सरळ होत नाही म्हणून सोबत कुणीतरी हवंच, हा नियम मी पाळतेय, अगदी वारा कितीही सुरेख असला तरी.

काका, माझ्यासारखी काहीच न येणारी मुलगी असले प्रश्न विचारत होती आणि तुम्हाला एकदाही कंटाळा आला नाही, त्याचे आभार कसे मानायचे मला खरंच माहीत नाही. मनापासून थँक्यू.

मोठ्या शिडाच्या (मेनसेलच्या) खालच्या बॅटनचा, म्हणजे शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्टीचा, खिसा परत उसवायला लागलाय, तो या आठवड्यात शिवून टाकते, उन्हात टिकणारा धागा आणून ठेवलाय. त्यानंतर वारा ठीक असेल त्या सकाळी फोन करते. या वेळी तुम्ही नुसते जिबपाशी बसा, टिलर माझ्याकडे.

तुमची,
बोटवाली