नकाशावरची कोरी जागा म्हणजे स्वच्छ जमीन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रदूषित जमिनी आणि जमिनीखालच्या इंधनटाक्या दाखवणारे नकाशे लोकांसाठी खुले करावेत की नाहीत, यावरचा आपल्या अंकातला मजकूर वाचला. ते खुले व्हायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ते कसे असावेत, यावर फारसे कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. माती आणि भूजल तपासण्याच्या कामात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत.

एका राहत्या इमारतीच्या आवारात आम्ही तपासणीला गेलो होतो. पावसाळ्यात तळमजल्यावर रॉकेलसारखा वास येतो, एवढीच तक्रार होती. कुंपणाच्या भिंतीला लागून एक लोखंडी पाइप उभा होता, माणसाच्या दुप्पट उंच, वरच्या टोकाला टोपी. भिंतीबरोबर त्यालाही दोन-तीनदा रंग फासलेला आणि कपडे वाळत घालायची दोरी त्यालाच बांधलेली. तो कशाचा, हे तिथे राहणाऱ्या एकालाही ठाऊक नव्हते. टाकीत इंधन भरताना आतली वाफ बाहेर जावी म्हणून असा पाइप लावतात. म्हणजे खाली टाकी होती, निदान कधीतरी असणार. थोड्या अंतरावर आम्ही बोअर घेतले आणि पारदर्शक नळी दोरीने आत सोडून अलगद वर ओढली. तळाशी नितळ पाणी आणि त्यावर बोटभर जाडीचा पिवळसर थर. पावसाळ्यात भूजलाची पातळी चढली की तो थरही वर येत होता आणि वाफ फरशीच्या फटींतून घरात शिरत होती. त्या जागेचे आधी दोन व्यवहार होऊन गेले होते. एकाही कागदावर टाकीचा उल्लेख नव्हता.

उघड्या पोलादाची टाकी ओल्या मातीत गंजते आणि टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून वर्षानुवर्षे झिरपत राहते. रोजच्या हिशेबात ती तूट मोजमापातला फरक म्हणून सोडून दिली जाते. पेट्रोलमध्ये साधारण एक टक्का बेंझिन धरले, तर एका लिटरमध्ये ते सात-आठ ग्रॅम भरते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली बेंझिनची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग). भागाकार करून पाहा: एक लिटर पेट्रोल सात-आठ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. बेंझिनने माणसाला रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे.

ही माहिती दडवली की काय होते, याचे सगळ्यांत ठळक उदाहरण अमेरिकेतल्या नायगरा फॉल्स शहरातले ‘लव्ह कॅनॉल’. एका रासायनिक कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात तिथल्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. रासायनिक कचरा पुरल्याची नोंद खरेदीखतात होती! पण खरेदीखत कपाटात राहिले. वर शाळा उभी राहिली, भोवती घरे झाली. घर घेणाऱ्यांच्या हाती ते खत कधी पडलेच नाही. १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली. मला त्यातली लोइस गिब्ज यांची गोष्ट फार मोलाची वाटते. त्या गृहिणी होत्या, त्यांचा मुलगा त्याच शाळेत जात होता. त्यांनी दारोदार फिरून आजारांची माहिती गोळा केली आणि ती नकाशावर मांडली. तेव्हा दिसले की आजारी माणसांची घरे बुजलेल्या जुन्या ओहोळांच्या रेषेत एकवटली आहेत. जे सरकारी फायलींत दिसले नाही, ते एका आईने टिपलेल्या खुणांत दिसले. पुढे १९८० मध्ये अमेरिकेत अशा जागांच्या सफाईचा कायदा आला, त्यामागे प्रामुख्याने हेच प्रकरण होते.

नकाशाला सर्वांत मोठा विरोध होतो तो जागेच्या किमतीवरून. ब्रिटनमध्ये १९९० च्या पर्यावरण कायद्यात, ज्या जमिनींवर प्रदूषण करणारे उद्योग होऊन गेले त्यांची सार्वजनिक नोंदवही ठेवण्याचे कलम होते. भाव पडतील अशी ओरड झाली आणि १९९३ मध्ये सरकारने तो बेत गुंडाळला. आयुष्याची पुंजी घरात घातलेल्या माणसाची भीती मला समजते, ती खोटी नाही. पण नोंदवही गुंडाळल्याने एका जागेतलेही विष कमी होत नाही. ते फक्त ज्याला माहीत नाही अशा पुढच्या माणसाच्या गळ्यात पडते. घरमालकाला भीती वाटते ती बहुतेकदा मोघमपणाची. किती, कुठे, किती खोल, हे नेमके कळले तर बँकही विचार करू शकते आणि विकत घेणाराही.

आता नकाशा कसा असावा याबद्दल. यात सर्वांत मोठा धोका कोऱ्या जागेचा. नकाशावर खूण नाही म्हणजे जागा स्वच्छ, असेच बघणारा समजतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तिथे कुणी पाहिलेलेच नसते. ‘तपासले, काही आढळले नाही’ आणि ‘तपासलेच नाही’ या दोन गोष्टींना वेगवेगळे रंग हवेत. हे एवढे झाले तरी नकाशाचा निम्मा खोटेपणा जाईल. जुने कारखाने, गॅसघरे (कोळशापासून गॅस बनवण्याच्या जागा), चामडे कमावण्याच्या जागा, ड्रायक्लीनिंगची दुकाने यांची पूर्वीची नोंद तपासणी न होताही दाखवता येते. ड्रायक्लीनिंगमध्ये सर्रास वापरले जाणारे द्रावक तर पाण्यापेक्षा जड असते, ते तरंगत नाही, खाली खाली उतरत जाते आणि शोधायला फार कठीण होऊन बसते. नेदरलँड्समध्ये १९८० साली लेकरकेर्क गावात नव्या वस्तीखाली रासायनिक कचऱ्याची पिंपे सापडली, अडीचशेहून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली. आज त्या देशात कुठे माती तपासली आणि कुठे सफाई झाली, हे नागरिकाला संगणकावर नकाशात पाहता येते.

दुसरे, ‘काम पूर्ण’ झालेल्या जागा नकाशावरून पुसू नयेत. अनेकदा सफाई गोदामाला किंवा कारखान्याला चालेल इतपतच केलेली असते, खालचे काही तसेच ठेवून वर काँक्रीट घातलेले असते. उद्या तिथे पाळणाघर निघाले, तर ते काँक्रीट फोडायचे नाही, हे कुणाला ठाऊक असणार?

आणि ठिपका. पत्त्यावरून टाकलेला ठिपका आवाराच्या फाटकावर किंवा थेट रस्त्यावर पडतो, टाकीवर नाही. शिवाय गळती टाकीपाशी थांबत नाही, ती भूजलाच्या उताराने शेजारच्या हद्दीत सरकते. म्हणून प्रवाहाची दिशा, मोजमाप कधी घेतले त्याची तारीख आणि नागरिकाला दुरुस्ती सुचवण्याची सोय, या गोष्टी प्रत्येक खुणेपाशी असायला हव्यात.

त्या इमारतीतली टाकी आम्हाला शेवटी सापडली. तिच्याबद्दल नेमके सांगू शकली ती पलीकडच्या गल्लीतली एक वृद्ध बाई. लहानपणी तिथे गाड्या इंधन भरायला उभ्या राहत, एवढे तिला आठवत होते. अशी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून जुन्या टाक्यांच्या जागा लिहून घ्या, ही विनंती मी नकाशे करणाऱ्या खात्यांना करते. आपल्या वृत्तपत्राने वाचकांकडून अशा आठवणी मागवल्या, तर पहिली मी पाठवीन.

आपली,
एक भूजल तपासनीस