अर्ध्या दिवसात बेल्जियम उरकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही परदेशातल्या थंड ठिकाणांचं पान दिलं होतं, ते मी दोनदा वाचलं. स्वित्झर्लंड आहे, नॉर्वे आहे, स्कॉटलंड पण आहे, पण बेल्जियम आणि त्याला लागून उत्तर फ्रान्सचा जो समुद्रकिनारा आहे, जिथं फ्लेमिश, म्हणजे डचसारखी भाषा बोलणाऱ्या लोकांची जुनी गावं, त्यांची भाषा, त्यांचं खाणं अजून टिकून आहे, त्याचं कुठंच नाव नाही. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. आपल्या नाशिकहून दरवर्षी किती माणसं युरोप टूरला जातात, त्यात आमच्यासारखी रिटायर्ड, गुडघे दुखणारी बरीच असतात, आणि टूरवाले त्यांना बेल्जियम अर्ध्या दिवसात दाखवून पुढं पळवतात.

आमचं तेच झालं. गेल्या वर्षी जूनमध्ये मी आणि आमचे हे एका ग्रुप टूरने गेलो. ब्रुसेल्सला तो छोट्या मुलाचा पुतळा बघा, चॉकलेट घ्या, तासाभरात बसमध्ये या, असं सगळं. यांच्या गळ्यात माळ आहे, चाळीस वर्षं झाली अंडंसुद्धा खाल्लेलं नाही, म्हणून टूर मॅनेजरला विचारून विचारून खायचे. तो म्हणाला काका फ्राईज बिनधास्त खा, बटाटाच आहे. खाल्ले. चार दिवसांनी आमची लेक भेटली, ती तिथंच बेल्जियममध्ये गेंट शहरात नोकरीला आहे, ती म्हणाली बाबा इथं बऱ्याच टपऱ्यांवर फ्राईज गाईबैलाच्या चरबीत तळतात, तीच त्यांची जुनी पद्धत. यांनी ताट बाजूला सारलं आणि त्या रात्री नुसतं पाणी पिऊन झोपले, मला काय बोलावं तेच सुचेना. त्या लोकांची पद्धत आहे, त्यांना मी नावं ठेवणार नाही, पण पैसे घेऊन माणसं नेणाऱ्याला एवढं माहीत नको? तर माळकऱ्यांनो आणि शाकाहारी मंडळींनो, ऑर्डरच्या आधी ‘प्लांटआर्दिख’ का असं विचारा, म्हणजे वनस्पती तेल. तसं तेल वापरणाऱ्या टपऱ्या पण आहेत, आम्हाला सापडल्या.

टूर संपल्यावर आम्ही लेकीकडे आठ दिवस राहिलो आणि तिनंच आम्हाला समुद्रावर नेलं. ब्रुसेल्सहून ओस्टेंडला ट्रेन सव्वा तासात पोचते, आणि ओस्टेंडला स्टेशनबाहेरच ट्राम. ही ट्राम म्हणजे बेल्जियमचा सगळा किनारा, एका टोकाला फ्रान्सच्या हद्दीजवळचं द पाने आणि दुसऱ्या टोकाला हॉलंडजवळचं क्नोक्के, जवळपास ६७ किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे नाशिकहून निघून लासलगाव ओलांडलं की होईल तेवढं. १८८५ साली सुरू झाली तेव्हा वाफेवर चालायची. आता उन्हाळ्यात दर दहा-पंधरा मिनिटांनी येते, दिवसाचा पास काढला की वाटेल तिथं उतरा, वाटेल तिथं चढा, बॅगा ओढायच्या नाहीत, बसच्या पायऱ्या नाहीत, कुणी शिट्टी वाजवून बोलवत नाही. नाशिकमध्ये मे महिन्यात चाळीस डिग्री सोसून गेलेली मी, तिथं दुपारी वीसच्या आसपास, आणि रात्री दहापर्यंत उजेड. यांनी तर मोजून तीन संध्याकाळी खिडकीत बसून उजेड कधी जातो ते बघितलं.

खोटं कशाला सांगू, किनाऱ्यावर बऱ्याच गावांत समुद्रासमोर दहा-दहा मजली बिल्डिंगांची भिंत उभी केलीय, ते काही छान दिसत नाही. पण मध्येच दे हान नावाचं गाव लागतं, तिथं जुने पांढरे बंगले, लाल कौलं, बागा. आइन्स्टाइन १९३३ साली, जर्मनीत हिटलर आल्यावर परत जायचं नाही असं ठरवून, साधारण सहा महिने या गावात राहिले होते, तिथून इंग्लंड आणि मग कायमचे अमेरिका. त्यांचा बाकावर बसलेला पुतळा आहे. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, फळ्यावर त्यांचं सूत्र किती वेळा लिहिलं असेल, त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसले आणि भरून आलं.

पण ज्यासाठी मी म्हणते की जाच, ते याच किनाऱ्यावरचं ओस्टडाउनकर्क गाव. तिथं घोड्यावर बसून समुद्रात कोळंबी धरतात. ओहोटीच्या वेळी समुद्र इतका मागं जातो की तीन-चारशे मीटर ओली वाळू उघडी पडते, आणि मग पिवळे रेनकोट घातलेली माणसं भल्यामोठ्या घोड्यांवर येतात. घोडा म्हणजे आपला टांग्याचा नाही, रुंद पाठ, खुरांवर केसांचे झुपके, चालला की वाळूत घमेल्याएवढा ठसा. तो छातीपर्यंत पाण्यात जातो आणि किनाऱ्याला समांतर चालत राहतो, मागं जाळं, जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, आणि पुढं एक साखळी वाळूवरून घासत जाते. साखळीच्या हादऱ्यानं वाळूत लपलेली कोळंबी उडी मारते ती थेट जाळ्यात. मी शिक्षिका, मला हे एवढं आवडलं की मी लेकीला तीन वेळा विचारून नीट समजून घेतलं. थोड्या वेळानं बाहेर येतात, जाळं वाळूवर उपडं करतात, चाळणीनं चाळतात, लहान खेकडे आणि बारकी मासळी परत पाण्यात, कोळंबी घोड्याच्या दोन्ही बाजूंच्या टोपल्यांत. आपल्या जवळ्यापेक्षा मोठी, कोळंबीपेक्षा लहान, करड्या रंगाची. एका आजोबांनी माझ्या हातावर मूठभर ठेवली, त्यातली एक टुणकन उडून माझ्या बाहीत गेली. मग ती उकडतात, सोलतात, लाल टोमॅटो पोखरून त्यात भरून देतात. हे माझ्याकडे बघत बसले, पण मी खाल्ली बाई, माझ्या माहेरी सुकट-जवळा सगळं चालायचं.

घोड्यावरून कोळंबी धरायची ही पद्धत २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, आणि तेव्हा हे करणारी घरं जेमतेम बारा होती. घोडा लाटेला घाबरता कामा नये, ते शिकवायला वेळ लागतो, वाळूत कुठं खड्डा, कुठं ओढ, ते माहीत पाहिजे, आणि हे सगळं बापाकडून, शेजाऱ्याकडून शिकायचं. आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघून जा, आम्ही पहिल्या दिवशी न बघता गेलो आणि नुसतं पाणी बघून आलो.

याच पट्ट्यात कोक्सैडेजवळ सांडपाणी खूप बारीक शुद्ध करून वाळूच्या टेकड्यांत जिरवतात आणि पुन्हा उपसून प्यायला देतात, २००२ पासून, म्हणजे विहिरींत समुद्राचं खारं पाणी घुसत नाही. गोदाघाटावर उभं राहून नदीतलं सांडपाणी बघून ज्यांना त्रास होतो त्यांनी हे वाचून ठेवावं.

ब्रुजला सगळेच जातात, ते टूरमध्येही असतं, त्यामुळे फार सांगत नाही. फक्त एवढं की हे गाव एकेकाळी समुद्रमार्गे व्यापारानं श्रीमंत होतं, मग समुद्राकडून येणाऱ्या खाडीत गाळ साचत गेला आणि साधारण १५०० पर्यंत व्यापार अँटवर्पकडे निघून गेला, म्हणून जुनं गाव तसंच्या तसं राहिलं. तिथला घंटामनोरा ८३ मीटर, ३६६ पायऱ्या, आम्ही चढलो नाही, खाली चौकात बसून ४७ घंटांचं वाजणं ऐकलं. मला आपल्या गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा आठवली. पुराचं पाणी घंटेला लागलं की नाही यावर आपण अजून पूर मोजतो, तसंच या लोकांचं त्यांच्या घंटेशी नातं आहे, बाजार, आग, शत्रू, सगळं पूर्वी घंटेवर कळायचं. देवळाची नाही, गावाची घंटा.

एक संध्याकाळ बेल्जियममधल्याच ईपर गावासाठी ठेवा. तिथं मेनिन गेट म्हणून कमान आहे, पहिल्या महायुद्धात ज्यांचा देह सापडला नाही किंवा ओळखता आला नाही अशा ५४ हजारांहून जास्त सैनिकांची नावं भिंतींवर कोरलीत आणि त्यात आपल्या हिंदुस्थानी पलटणींची नावं आहेत. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये आपले लोक त्या चिखलात, त्या थंडीत येऊन उभे राहिले होते. रोज रात्री आठ वाजता तिथं बिगुल वाजतं, १९२८ पासून, मधली जर्मन ताब्याची वर्षं सोडली तर. देवळालीच्या शेजारी राहणारी माणसं आपण, सकाळी तोफांच्या सरावाचा आवाज ऐकत मोठे झालो, आणि हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं. यांनी टोपी काढली, मी चप्पल काढली, तिथं कुणी काढत नाही, पण मला राहवलं नाही.

पलीकडे फ्रान्समध्ये डंकर्क, नावाचा अर्थच वाळूच्या टेकड्यांतलं चर्च, आणि नाव फ्लेमिश. १६६२ साली फ्रान्सच्या राजानं इंग्लंडकडून विकत घेतलं. १९४० साली तिथून ३ लाख ३८ हजार सैनिक बोटींनी सुटले, त्यांच्यात आपल्या फौजेच्या खेचरांच्या तुकड्या पण होत्या. आणि सप्टेंबर २०१८ पासून त्या गावातल्या बस सगळ्यांना फुकट आहेत, परक्यांना सुद्धा. चढायचं आणि बसायचं. आम्ही दिवसभर फिरलो, एक पैसा तिकिटाला नाही.

तर संपादक महाशय, पुढच्या उन्हाळ्याच्या पुरवणीत या किनाऱ्याला अर्धं पान तरी द्या, आणि टूर काढणाऱ्यांनी तिथं निदान तीन रात्री ठेवाव्यात, शेंगेनचा एकच व्हिसा दोन्ही देशांना चालतो, वेगळं काही करावं लागत नाही. जाणाऱ्यांनी जून असला तरी स्वेटर आणि कानटोपी न्या, तिथला वारा कानात घुसतो. मी नेली नव्हती, ओस्टेंडच्या बाजारातून लेकीनं घेऊन दिली, निळी, ती अजून कपाटात आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक